घोट्यापर्यंत पाणी

शास्त्रपाठ : यहेज्केल ४७:१-१२, लूक ५:१-४, याकोब ३:९-१२



यहेज्केलाच्या सत्तेचाळिसाव्या अध्यायावर आपण पुष्कळ उपदेश ऐकले आहेत, आणि त्यांतील बहुतेक थेट खोल पाण्यात जाऊन पडतात. उपदेशक अध्याय वाचतो, पहिली चार वचने घाईने ओलांडतो आणि ज्या ठिकाणी पाय टेकत नाहीत त्या ठिकाणी येऊन उभा राहतो. मग मंडळीला विचारतो की, तुम्ही अजून काठावरच का? हा प्रश्न वाईट आहे असे मी म्हणत नाही. परंतु शास्त्रभाग नीट वाचला तर असे दिसते की संदेष्ट्याला हा प्रश्न कोणीही विचारलेला नाही.

संदेष्टा कोणत्या अवस्थेत होता हे प्रथम लक्षात घेऊ. ख्रिस्तपूर्व ५९७ साली यहोयाखीन राजाबरोबर जे लोक बाबेलास धरून नेले, त्यांत हा याजक होता. खबार नदीच्या काठी त्याची वस्ती होती. ही नदी म्हणजे शेतीसाठी काढलेला मोठा कालवा असावा, असे अभ्यासक सांगतात. हा दृष्टान्त त्याला बंदिवासाच्या पंचविसाव्या वर्षी झाला (४०:१). पंचवीस वर्षे परक्याच्या कालव्याचे पाणी पिणाऱ्या माणसाला देवाने स्वतःच्या मंदिराच्या उंबरठ्याखालून निघणारे पाणी दाखविले. ते पाणी पूर्वेकडे वाहत होते. आपली हिरण्यकेशी जशी आंबोलीला उगम पावते आणि जवळचा समुद्र पाठीमागे टाकून आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर करीत पूर्वेला जाते, तसेच.

आता दृष्टान्तातील त्या पुरुषाकडे पाहा. त्याच्या हाती मापाची दोरी आहे. तो हजार हात मोजतो, म्हणजे आपल्या हिशेबाने साधारण अर्धा किलोमीटर, आणि मग संदेष्ट्याला पाण्यातून नेतो. पाणी घोट्यापर्यंत येते. पुन्हा हजार हात मोजतो, पुन्हा नेतो, पाणी गुडघ्यापर्यंत. तिसऱ्या वेळी कंबरेपर्यंत. चौथ्या वेळी नदी अशी होते की पोहल्यावाचून पार होणे नाही, आणि तेथे मात्र संदेष्ट्याला पार नेल्याचा उल्लेख नाही. चारही वेळा आधी मोजणी आहे. मार्गदर्शक पुढे जातो, पाणी किती आहे ते पाहतो आणि मगच ज्याला शिकवायचे त्याला बोलावतो. घोट्यापाशी थांबल्याबद्दल संदेष्ट्याला बोल लावलेला नाही, कारण घोट्यापर्यंतचे पाणी हा त्या प्रवासाचाच पहिला हजार हात आहे.

हे वचन मला नव्याने वाचावयास लावले ते एका सहलीने. आमच्या भागातील दोन मंडळ्यांची मिळून बावीस मुले आणि पाच शिक्षक आम्ही गोव्यातील चोडण बेटावर नेले होते. रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की चोडण येते. बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. १९८८ साली ते घोषित झाले. सगळे मिळून पावणेदोन चौरस किलोमीटरच्या आसपास, म्हणजे आपल्याकडील एखाद्या गावाच्या शिवाराएवढेही नाही, पण त्यात खाडीचे फाटे आणि तिवरांचे दाट रान आहे. त्या बेटाभोवतीच्या शांत पाण्यात नवशिक्यांना होडी वल्हवायला शिकवून फिरवून आणतात. दोघांनी बसावयाची अरुंद होडी, इंग्रजीत तिला कॅनू म्हणतात. कयाक ती वेगळी. कयाकच्या वल्ह्याला दोन्ही टोकांस पाती असतात, कॅनूच्या वल्ह्याला एकाच टोकाला.

चोडणच का, असे दोन-तीन पालकांनी विचारले होते. उत्तर सोपे होते. मांडवी ही आपलीच नदी आहे. खानापूर तालुक्यात भीमगडच्या रानात ती उगम पावते, तेथे तिला म्हादई म्हणतात. आपल्या जिल्ह्यात पडलेल्या पावसाचा बहुतेक भाग कृष्णेला मिळून पार आंध्रच्या किनाऱ्यावर बंगालच्या उपसागरात जातो. म्हादई मात्र तशी नव्हे. ती घाट उतरते, सत्तरीतून जाते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. मुलांनी आपल्या जिल्ह्याचे पाणी शेवटी कोठे पोहोचते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, एवढीच इच्छा होती.

आमचा वाटाड्या पन्नाशीचा, त्याच बेटावरचा. मुले त्यांना काका म्हणू लागली. ह्या काकांनी पहिला अर्धा तास एकाही मुलाला होडीत पाय ठेवू दिला नाही. प्रत्येकाच्या लाइफ जॅकेटचे बंद स्वतः ओढून पाहिले. मग काठावर उभे करून कोरड्या हवेत वल्हे मारावयास लावले: एक हात मुठीवर, दुसरा खाली, पाते उभे पाण्यात घालावयाचे आणि मागे ओढावयाचे. आमची मोठी मुले हसू लागली. काका हसले नाहीत आणि रागावलेही नाहीत. त्यानंतर गुडघाभर पाण्यात होडी धरून बसणे-उतरणे झाले. बसण्याची जागा मधोमध, वजन खाली. भीती वाटली की माणूस होडीची कड धरतो आणि त्या बाजूला झुकतो, आणि होडी उलटते ती बहुधा अशानेच. म्हणून कड धरू नका, वल्हे पाण्यात ठेवा, असे त्यांनी चार वेळा सांगितले. मग काठाकाठाने शंभर पावले जाऊन परत. मग खाडीचा अरुंद फाटा, जेथे वारा लागत नाही. स्वतः पुढे जाऊन ते वल्हे पाण्यात उभे घालून तळ किती खाली आहे ते पाहत आणि हाताने खूण करीत. सर्वांत मागच्या होडीत त्यांचा एक सोबती होता.

मी मधल्या होडीत होतो आणि मला त्या वेळी दोरी हाती घेतलेला पुरुष दिसत होता. घोटा, गुडघा, कंबर.

प्रभू येशूने शिमोनाला शिकविले तेही ह्याच क्रमाने. लूकाच्या पाचव्या अध्यायात गर्दी अंगावर येऊ लागली तेव्हा प्रभू शिमोनाच्या मचव्यात चढला आणि त्याने तो किनाऱ्यापासून थोडासा लोटावयास सांगितला. तेथे बसून त्याने लोकांना शिक्षण दिले. बोलणे संपल्यावर मग खोल पाण्यात जाऊन जाळी टाकावयास सांगितले. आम्ही उपदेशक दुसऱ्या आज्ञेवर बोलतो, पहिली आज्ञा आमच्या लक्षातही राहत नाही. शिमोन तर पिढीजात कोळी, त्याला किनाऱ्याजवळ थांबण्याची काय गरज होती? त्याला मासे धरण्याचे शिकावयाचे नव्हते. आपली होडी दुसऱ्याच्या हाती देणे त्याला शिकावयाचे होते, आणि त्या शिक्षणात तो नवशिका होता. म्हणून प्रभूने आधी थोडेसे मागितले.

शब्बाथ शाळेच्या शिक्षकांनी ह्या ठिकाणी थांबावे अशी माझी विनंती आहे. आपल्या मंडळ्यांत बारा-तेरा वर्षांच्या मुलाला उभे करून साक्ष दे म्हणतात, मोठ्याने प्रार्थना कर म्हणतात. ते मूल पाठ केलेली वाक्ये म्हणून खाली बसते आणि सर्व जण आनंद मानतात. काही मुलांना ते जमते. काहींना कंबरभर पाण्यात ढकलल्यासारखे होते, आणि कॉलेजात गेल्यावर ती मुले मंदिराकडे फिरकत नाहीत. मग आपण म्हणतो, जगाचा वारा लागला. जगाचा वारा लागत असेलही. परंतु त्याच्या आधी पाण्यात त्यांचा हात कोणी धरला होता का, हेही विचारले पाहिजे. मुलाच्या विश्वासाला कोणी दोरी लावून मोजलेली नसते. आपण आपल्या पाण्यावरून त्याचे पाणी धरतो.

जाता जाता शिक्षकांसाठी एक गोष्ट सांगतो. १९८६ साली गालील समुद्राचे पाणी दुष्काळामुळे फार ओसरले असता चिखलात दोघा कोळी भावांना एक जुनी होडी सापडली. ती प्रभूच्या काळाच्या आसपासची ठरली. लांबी आठ मीटरच्या थोडी वर, रुंदी सव्वादोन मीटरच्या आसपास. बारा जातींची लाकडे तिच्यात आढळली, म्हणजे ठिगळे लावून लावून ती वापरली होती. चित्राच्या पुस्तकातील होडी पाहून मुलांना ती मोठ्या जहाजासारखी वाटते. वर्गात आठ मीटर सुतळी जमिनीवर पसरून दाखविली तर तेरा माणसे त्यात कशी बसली असतील ते त्यांना कळते.

आता भरतीकडे येऊ. आपण घाटावरची माणसे; आपली वेदगंगा, दूधगंगा, मार्कंडेय नेहमी एकाच दिशेने वाहतात. पाणी उलटे चढते हे आमच्या मुलांनी पुस्तकात वाचले होते, पाहिले नव्हते. खाडीत दिवसातून दोनदा भरती आणि दोनदा ओहोटी येते, आणि रोज त्यांची वेळ सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, तेव्हा गोव्याच्या किनाऱ्यावर पाणी सुमारे दोन मीटर चढते व उतरते. अष्टमीच्या सुमारास भांग, तेव्हा चढउतार थोडा. ओहोटीच्या वेळी तिवरांतील फाट्यांत नुसता चिखल राहतो, होडी जात नाही. म्हणून काकांनी आमच्या सोयीची वेळ मान्यच केली नाही. आम्ही सकाळी आठ म्हटले होते. त्यांनी साडेदहाला बोलाविले. पाणी वर चढत असता त्याच्याबरोबर आत जावयाचे आणि पाणी फिरले की त्याच्याबरोबर बाहेर यावयाचे, ही त्यांची रीत. जोर लावून ओहोटीच्या विरुद्ध वल्हविणाऱ्या आमच्या एका दांडग्या मुलाला त्यांनी कोंकणीत एवढेच म्हटले, "उदकाकडेन झगडूं नाका." पाण्याशी भांडू नका.

ह्यावरून कोणी असा अर्थ काढील की ख्रिस्ती माणसाने प्रवाहाबरोबर वाहत जावे. तसा अर्थ नाही. शिष्यांना वारा प्रतिकूल असता रात्रभर वल्ही मारावी लागली (मार्क ६:४८), आणि प्रभूनेच त्यांना त्या प्रवासास धाडले होते. परंतु वेळ ठरविणारे आपण नव्हे, हे खाडी शिकविते. पाळक व पंचमंडळी यांनी एखादे काम हाती घेतले आणि वर्षभरात फळ दिसले नाही की ते सोडून देतात, किंवा लोकांवर रागावतात. फाट्यात चिखल दिसतो आहे म्हणून नदी आटली असे होत नाही.

ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहावयास घेतला ती आता सांगतो.

खाडीचे पाणी गोडे की खारे, असे एका मुलीने विचारले. काकांनी तिला बोट बुडवून चाखावयास सांगितले. ते खारट होते. पावसाळ्यात आलीस तर ह्याच जागी गोडे लागेल, असे ते म्हणाले. कारण पावसाळ्यात घाटावरून एवढे पाणी येते की समुद्र जवळजवळ मुखापर्यंत मागे रेटला जातो, आणि उन्हाळ्यात खारे पाणी कोसच्या कोस आत चढते. मधल्या दिवसांत दोन्ही पाणी एकाच पात्रात असते; खारे पाणी जड, ते खालून आत शिरते आणि गोडे वरून बाहेर जाते. कोळंबीची पिले, माशांची पिले, खेकडे, कालवे ह्या मिश्र पाण्यात वाढतात. नुसत्या समुद्रात नाही, नुसत्या नदीतही नाही.

तेव्हा आमच्या एका शिक्षिकेने मला हळूच विचारले, "मग याकोबाचे वचन कसे लावायचे?" प्रश्न योग्य होता. याकोब तिसऱ्या अध्यायात म्हणतो की ज्या जिभेने आपण देवाची स्तुती करतो तिनेच देवाच्या प्रतिरूपाच्या माणसांना शाप देतो, आणि हे असे असू नये. झऱ्याच्या एकाच तोंडातून गोडे व कडू पाणी निघत नाही. पण येथे तर दोन्ही पाणी एकत्र दिसत आहेत!

मी तिला सांगितले ते येथे लिहितो. याकोब उगमाविषयी बोलतो. खाडी हा उगम नव्हे, ती भेट आहे. गोडे पाणी भीमगडहून आले, खारे पाणी समुद्रातून आले. दोघांनीही आपला उगम खोटा केला नाही. याकोबाला भय आहे ते एका अंतःकरणातून दोन प्रकारचे शब्द निघण्याचे. दोन लोक, दोन भाषा, दोन चालीरीती एका पात्रात एकत्र येण्याचे भय त्याला नाही.

बंधुभगिनींनो, निपाणी, बेळगाव, खानापूर, संकेश्वर येथील आपण लोक खाडीत राहतो. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि आपला भाग म्हैसूर राज्यात गेला. पुढे १९६७ साली महाजन आयोगाचा अहवाल आला, २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा लावला. त्या दाव्याविषयी प्रत्येकाला आपले मत असू शकते, मलाही आहे. ते ह्या मासिकात मांडण्याचे मला कारण नाही. परंतु वाद पेटला की बसगाड्या सीमेपलीकडे जाणे थांबते, पाट्यांना काळे फासले जाते, आणि त्या आठवड्यात आपल्या घरांतून शेजाऱ्यांविषयी जे शब्द निघतात ते मी ऐकले आहेत. मराठी घरांतून कानडी शेजाऱ्यांविषयी, तसेच उलट. शनिवारी रात्री ते शब्द आणि रविवारी सकाळी त्याच तोंडाने स्तोत्र. याकोबाने हेच लिहिले आहे. त्याला कडू पाणी म्हणावयाचे होते ते हे.

आणि मंदिरातही पाहा. आपल्या पुष्कळ मुलांची शाळा आता कानडी किंवा इंग्रजी आहे. घरी मराठी बोलतात, पण मराठी गीतपुस्तक हाती दिले तर अडखळत वाचतात. त्याबद्दल आपण त्यांना लाजवितो. एखादा शास्त्रपाठ कानडीत वाचावा असे कोणी सुचविले तर वडील मंडळी म्हणतात की आज शास्त्रपाठ गेला, उद्या मंदिर जाईल. त्यांची भीती मला समजते. ज्या भाषेत आईने प्रार्थना शिकविली ती भाषा हातातून जाताना पाहणे सोपे नाही, आणि तिची निगा राखणे हे आपले कामच आहे. पण ह्या प्रांतातील मंडळीचा आरंभ आठवा. १८२० साली लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर बेळगावास आले; त्या मिशनचे काम कानडीत झाले, मराठीत झाले आणि छावणीतील लोकांसाठी तमिळमध्येही झाले. मिश्र पाणी आपल्याकडे आज आलेले नाही. आपली मंडळी त्यातच वाढली.

होडीत काय झाले ते सांगतो. दोघांच्या होडीत पुढे बसणारा ताल धरतो आणि मागे बसणारा दिशा राखतो. पुढच्याला मागचा दिसत नाही. वल्ही एकदम पडली नाहीत तर होडी जागच्या जागी गरगरते. आमच्या एका होडीत निपाणीचा मराठी शाळेतील मुलगा पुढे होता आणि कानडी शाळेतील मुलगा मागे. एक मोजत होता एक-दोन, दुसरा मोजत होता ओंदु-एरडु, आणि होडी दोन वेळा तिवरांच्या मुळांत जाऊन शिरली. काका काही बोलले नाहीत. त्यांनी लांबून नुसती टाळी वाजविली, एक टाळी, थोडे थांबून दुसरी. मुलांनी मोजणे सोडले आणि टाळीवर वल्ही मारू लागली. परत येताना टाळी नव्हती. तेव्हा मागचा मुलगा मराठीत मोजत होता आणि पुढचा कानडीत, आणि दोघे हसत होते. होडी मात्र सरळ चालली होती.

पाण्यावरच आहोत तर आणखी एक. म्हादईच्या पाण्याचा तंटा आपल्याला ठाऊक आहे. २०१० साली लवाद नेमला गेला, २०१८ साली त्याने निवाडा दिला आणि कर्नाटकाच्या वाट्याला १३.४२ टीएमसी पाणी दिले. त्यावरही राज्ये सर्वोच्च न्यायालयात गेली. हुबळी-धारवाडच्या घागरी रिकाम्या आहेत हे खरे, आणि वरचे पाणी कमी झाले तर खारे पाणी आणखी आत चढेल ही गोव्यातील शेतकऱ्याची धास्तीही खरी. निवाडा न्यायालयाने करावा. परंतु नदीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या मंडळीने खालच्या अंगाच्या माणसांसाठी रविवारच्या मध्यस्थीच्या प्रार्थनेत एक वाक्य तरी घालावे की नाही? मी तरी आजवर तसे ऐकलेले नाही.

यहेज्केलाच्या अध्यायात एक अवघड वचन आहे, अकरावे. नदी मृत समुद्राला मिळते. त्या समुद्राचे पाणी नेहमीच्या समुद्राच्या जवळजवळ दहा पट खारट आहे, त्यात मासा जगत नाही. नदी पोहोचते आणि ते पाणी निरोगी होते. एन-गेदीपासून एन-एग्लाइमपर्यंत कोळी जाळी पसरतात. पण तेथील दलदली व पाणथळ जागा निरोगी होत नाहीत, त्या मिठासाठी राखून ठेवल्या जातात. पदविकेच्या अभ्यासात आम्हांस ह्या वचनाचे दोन अर्थ सांगितले होते. काही जण त्यात शिक्षा पाहतात: जे वचनाला वाट देत नाहीत ते खारटच राहतात. दुसरे म्हणतात की ही देवाची तरतूद आहे, कारण अर्पणावर मीठ टाकावे लागे (४३:२४) आणि सगळेच पाणी गोडे झाले तर मीठ कोठून येणार? मी दुसऱ्या अर्थाकडे झुकतो. मीठ ही किती मोलाची वस्तू आहे हे आपल्या भागाला सांगावयास नको. कोकणातील मिठागरांचे मीठ लमाणांच्या बैलांच्या पाठीवरून घाट चढून आपल्याकडे येत असे.

चोडणला हे वचन जमिनीवर लिहिलेले आहे. तेथे खाजण जमिनी आहेत. खाडीच्या कडेने मातीचे बांध घालून आतील सखल जमीन शेतीसाठी राखलेली असते. बांधात ठिकठिकाणी लाकडी झडपांचे दरवाजे, त्यांना मानस म्हणतात. भरतीचे पाणी बाहेरून चढले की त्याच्याच दाबाने झडप मिटते आणि खारे पाणी आत येत नाही. ओहोटी लागली की आतील पाण्याच्या दाबाने ती उघडते आणि जास्तीचे पाणी बाहेर जाते. ज्या पाण्याला अडवावयाचे तेच पाणी दार लावते. आत कोरगूट नावाचे भात पिकते, त्याला थोडा खारटपणा सोसतो. बांध फुटला तर दुरुस्तीला गावच लागते, एकट्याचे ते काम नव्हे. मंडळीने सर्व जगाला बाहेर कोंडावे असे म्हणणारे आणि सर्व दारे मोकळी टाकावीत असे म्हणणारे, दोघांनीही एकदा तो मानस पाहून यावा.

आणि तिवरे! ह्या झाडांना खाऱ्या चिखलात उभे राहावे लागते. तिवर खारे पाणी पिते आणि मीठ पानांवाटे बाहेर टाकते. पान जिभेला लावले तर खारट लागते, आमच्या मुलांनी लावून पाहिले. कांदळ आपल्या मुळांपाशीच बरेचसे मीठ गाळून अडविते. चिखलात हवा नाही म्हणून तिवराची काही मुळे बोटांसारखी वर येऊन श्वास घेतात. त्या बोटांमधून निवट्या उड्या मारीत होत्या, आणि हा मासा की बेडूक यावर मुलांचा वाद चालू होता. पाण्याला दोष न देता त्यात कसे जगावे ह्याच्या दोन रीती एकाच काठावर, आणि तिवर कांदळाला म्हणत नाही की तुझी रीत चुकीची.

सहाव्या-सातव्या वचनाकडे परत येऊ. खोल पाण्यापर्यंत नेल्यावर तो पुरुष यहेज्केलाला विचारतो की तू हे पाहिलेस काय, आणि मग त्याला काठावर परत आणतो. परत आल्यावर संदेष्ट्याला दोन्ही काठांवर पुष्कळ झाडे दिसतात. जाताना त्यांचा उल्लेख नाही. पाण्यात पाऊल टाकणाऱ्याचे लक्ष पाण्याकडेच असते, हे आपण समजू शकतो. आमची मुलेही जाताना वल्ह्याकडेच पाहत होती. येताना ओहोटीने होडी आपोआप चालली होती तेव्हा एकीला कांदळाच्या फांदीला लोंबणाऱ्या हिरव्या शेंगा दिसल्या. त्या शेंगा नव्हेत. कांदळाचे बी झाडावर असतानाच रुजते, आईच्या अंगावरच त्याला वीतभर कोंब येतो, आणि पुरेसा वाढल्यावर तो सुटून चिखलात उभा रुततो किंवा पाण्यावर तरंगत दुसरीकडे जाऊन मूळ धरतो. मोकळ्या खाऱ्या पाण्यात उघडे बी टाकले तर त्याचा निभाव लागणे कठीण, म्हणून झाड त्याला तयार करून सोडते. हे मी समजावून सांगत असता एक शिक्षिका आपल्या वहीत त्या कोंबाचे चित्र काढीत होती.

ज्या शिक्षकांना हा अध्याय वर्गात शिकवावयाचा आहे त्यांच्यासाठी. पावसाळ्यात होड्या बंद असतात, आणि प्रत्येक मंडळीला सहलीचा खर्च झेपेल असेही नाही. त्याची गरजही नाही. मंदिराच्या आवारात चुन्याने चार रेषा आखा. हजार हात जमणार नाहीत, दहा-दहा हात पुरे. पहिल्या रेषेवर घोटा, दुसऱ्या रेषेवर गुडघा, तिसरीवर कंबर, चौथीवर नदी. एक मूल सुतळी घेऊन पुढे मोजीत जाईल, मागची मुले त्याच्या मागून. प्रत्येक रेषेवर थांबून त्या जागेचे वचन वाचावे, मराठीत वाचता येईल त्याने मराठीत, कानडीत येईल त्याने कानडीत. आमच्याकडे गेल्या महिन्यात हे केले तेव्हा दोन लहान मुली तिसऱ्या रेषेवर बसूनच राहिल्या; पुढे पाणी आहे म्हणाल्या. शिक्षिकेने त्यांना तेथेच बसू दिले आणि पाचवे वचन त्यांच्याकडूनच वाचून घेतले. एकीने मराठीत वाचले, दुसरीने कानडीत.